उपचार संपले, पट्ट्या सुटायच्या आहेत



कॅन्सरचे उपचार संपले की आपण आभाराची मिस्सा सांगतो, पाहुणे येऊन जातात आणि सगळे म्हणतात, “सुटली एकदाची!” आभार मानायलाच हवेत. पण आजार गेला तरी उपचारांचा त्रास कधी काही महिने, कधी वर्षानुवर्षे मागे राहतो. मग त्या माणसाला बोलायचीही चोरी. कुरकुर केली तर देवाच्या कृपेची जाण नाही असे लोक म्हणतील, ही भीती.

संत योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय ११) लाजरस कबरेबाहेर येतो तो हातपाय बांधलेल्या अवस्थेतच. जीवन प्रभू येशू देतो. पट्ट्या सोडायला मात्र तो जवळ उभ्या असलेल्यांना सांगतो. म्हणजे आपल्याला.

या पट्ट्या कोणत्या? पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन अशा औषधांनी नसांना इजा होऊ शकते. बोटे बधिर होतात, रोझरीचे मणी हाताला लागत नाहीत, चटका बसला तरी कळत नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजू शकतो. शिवाय झोपूनही न जाणारा थकवा. घरच्यांनो, त्याला आळस म्हणू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालल्यास हा थकवा कमी होतो. तेव्हा उपदेश करण्यापेक्षा सोबत चाला. आणि “आता हे असेच चालायचे” म्हणून गप्प बसू नका. सूज लवकर दाखवली तर आटोक्यात ठेवता येते.

प्रार्थनेत मन लागत नाही म्हणजे विश्वास आटला, असे काहींना वाटते. संत थॉमस अक्वायनस ॲरिस्टॉटलच्या आधारे सांगतात की, आत्मा हा शरीरात राहणारा भाडेकरू नव्हे. दोन्ही मिळून एक माणूस. शरीर थकले की प्रार्थनाही थकते, त्यात पाप नाही. पूर्ण रोझरी जमत नसेल तर एक ‘आमच्या बापा’ सावकाश म्हणा.

तोंडाला किंवा घशाला रेडिएशन दिल्यावर लाळ आटते. ओस्ती टाळूला चिकटते, ठसका लागतो. चारचौघांत नको म्हणून काहीजण कम्युनियनच सोडतात! तसे करू नका. ओस्तीच्या लहानशा तुकड्यातही संपूर्ण ख्रिस्त आहे. घोटभर पाणी आधी प्या, नंतरही प्या. पाण्याने उपवास मोडत नाही. १९८३ सालच्या कॅनन लॉचे ९१९ वे कलम आजाऱ्यांना व त्यांची सेवा करणाऱ्यांना तासाभराच्या उपवासातून मोकळे करते. गोळीबरोबर बिस्कीट खाल्ले असेल तरी या. ९२५ व्या कलमानुसार गरज पडल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देता येते. मात्र तोंड सोललेले असेल तर तो झोंबतो, तेव्हा तुकडाच बरा.

गुडघे टेकवत नसतील तर खुशाल बसून राहा. शेजारच्यांनी वळून पाहू नये.

मिस्साआधी सॅक्रिस्टीत येऊन सांगा, किंवा घरातल्या कोणाला पाठवा. तुकडा वेगळा काढून ठेवीन.

तुमचे फादर