उपकरणांची शुद्धी : पाणी, वाफ आणि वेळ यांचा हिशेब

ग्रामीण आरोग्यसेवेची चर्चा निघाली की इमारत, डॉक्टर आणि औषधे या तीन गोष्टींचा उल्लेख हटकून होतो. शस्त्रक्रियेची किंवा प्रसूतीची साधने वापरानंतर कोठे धुतली जातात, त्यासाठी किती पाणी व किती वेळ लागतो, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक दवाखान्यात एका दिवशी किती रुग्णांवर सुरक्षितपणे उपचार करता येतील, हे पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. लक्ष्ये ठरविणारे अधिकारी, आरोग्य समितीवर बसणारे पंचायत सदस्य आणि आरोग्याचे पाठ शिकविणारे शिक्षक या सर्वांना त्याचे गणित ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. धुणे, जंतुनाशन आणि निर्जंतुकीकरण या तीन निरनिराळ्या क्रिया आहेत. धुण्याने रक्त, श्लेष्मा व त्यांबरोबर बहुसंख्य जंतू निघून जातात. जंतुनाशनाने उरलेले बहुतेक रोगजंतू मरतात. परंतु काही जंतू प्रतिकूल परिस्थितीत स्वतःभोवती जे चिवट कवच निर्माण करतात, ते बीजाणू त्यातून वाचू शकतात. धनुर्वाताचा जंतू हा याच जातीचा. निर्जंतुकीकरण म्हणजे बीजाणूंसह सर्व सूक्ष्मजीवांचा नाश. कोणत्या साधनाला काय लागते, हे ठरविण्याची एक सोपी रीत अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. जे साधन त्वचा भेदून शरीरात जाते किंवा रक्ताशी संबंध येते, ते निर्जंतुक हवे. जे केवळ श्लेष्मल त्वचेला स्पर्श करते, त्याला उच्च दर्जाचे जंतुनाशन पुरते. आणि रक्तदाबमापकाच्या पट्ट्यासारखे जे धड त्वचेलाच लागते, ते स्वच्छ पुसून घेतले तरी चालते. नाळ कापण्याची कात्री पहिल्या वर्गातील आहे. पाच मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून काढलेली कात्री वापरणारी व्यक्ती कितीही अनुभवी असली, तरी धनुर्वाताचे बीजाणू तिच्या अनुभवाची पर्वा करीत नाहीत.

उकळण्याविषयी आपल्याकडे मोठी श्रद्धा आहे. पाणी खळखळून उकळू लागल्यापासून 20 मिनिटे मोजली, मध्ये नवे साधन टाकले नाही आणि सर्व साधने पाण्याखाली बुडालेली राहिली, तर उत्तम जंतुनाशन होते, हे खरे. पण ते निर्जंतुकीकरण नव्हे. शिवाय उंचीवर पाणी कमी तपमानाला उकळते. महाबळेश्वरासारख्या ठिकाणी ते 95-96 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागते. उकळण्याने बीजाणूंची खात्री देता येत नाही, म्हणूनच दाबाखालील वाफेची योजना पुढे आली. पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबरलां यांनी 1879 साली तयार केलेले वाफेचे यंत्र हे आजच्या ऑटोक्लेव्हचे पूर्वरूप होय.

ऑटोक्लेव्हचे तत्त्व घरच्या प्रेशर कुकरचेच आहे. दर चौरस इंचाला 15 पौंड दाब दिला की वाफेचे तपमान 121 अंशांपर्यंत चढते. या तपमानावर न गुंडाळलेल्या साधनांना 20 मिनिटे व कापडात गुंडाळलेल्यांना 30 मिनिटे ठेवावयाचे असते, आणि ही मिनिटे दाब पूर्ण झाल्यानंतरची असतात. येथे एक बारकावा आहे. कुकरमधून वाफेची धार सुरू झाल्यावरच शिटी लावावी, हे गृहिणीला कोणी सांगावे लागत नाही. यंत्रातील हवा आधी बाहेर गेली नाही, तर दाबाचा काटा 15 वर दिसतो पण आतील तपमान मात्र कमी राहते. हवेचे खिसे जेथे राहिले, तेथे वाफ पोहोचलीच नाही असे समजावे. यंत्र ठासून भरणे, ड्रमच्या जाळ्या आत ठेवताना बंद ठेवणे, कात्र्या व चिमटे मिटलेल्या अवस्थेत गुंडाळणे, या सर्वांचा परिणाम तोच. गठ्ठ्यावर लावलेल्या दर्शक पट्टीचा रंग बदलला म्हणजे काम फत्ते झाले, असाही समज आढळतो. ती पट्टी गठ्ठा यंत्रातून जाऊन आला एवढेच सांगते; आतील प्रत्येक साधन निर्जंतुक झाले, याची ग्वाही देत नाही. बाहेर काढलेला गठ्ठा ओला असेल, तर तो निर्जंतुक मानू नये, कारण ओल्या कापडातून जंतू सहज आत शिरतात.

या सर्व क्रियांच्या आधीची पायरी म्हणजे धुणे, आणि बहुतेक चुका तेथेच होतात. वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफही पोहोचत नाही आणि रसायनही. म्हणून वापरलेले साधन वाळू देऊ नये. ओलसर ठेवून लवकरात लवकर धुण्याच्या जागी न्यावे. पाणी गार किंवा कोमट असावे. कढत पाण्याने रक्तातील प्रथिने गोठून पृष्ठभागाला चिकटतात. ब्रश पाण्याखाली चालवावा, म्हणजे तुषार उडत नाहीत. बिजागरीची साधने उघडून, सुटी होणारी सुटी करून घासावीत. धुणाऱ्या व्यक्तीला जाड रबरी हातमोजे, पाणी न शोषणारा ॲप्रन, मुखपट्टी व डोळ्यांचे संरक्षण हवे. हे काम सहसा सर्वांत कमी पगाराच्या आणि सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या माणसाकडे असते. परिचारिकेला यकृतदाहाची लस मिळते, त्याच्याकडे मात्र दुर्लक्ष होण्याची शक्यता अधिक; हा भेद अन्यायाचा तर आहेच, पण धोक्याचाही आहे.

पूर्वीच्या प्रशिक्षणात वापरलेली साधने आधी 10 मिनिटे 0.5 टक्का क्लोरीनच्या द्रावणात बुडवावीत, असे शिकविले जाई. चांगल्या प्रतीची 15 ग्रॅम ब्लीचिंग पावडर एक लिटर पाण्यात मिसळली की हे द्रावण होते, हे प्रमाण अनेकांना आजही तोंडपाठ असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 सालच्या मार्गदर्शनात धुण्यापूर्वी असे बुडविण्याची शिफारस केलेली नाही. रक्ताच्या संपर्कात क्लोरीनचा जोर ओसरतो, धातू गंजतो, आणि द्रावणातून काढलेले साधन सुरक्षित झाले अशा समजुतीने लोक हातमोजे काढतात. फरशीवर रक्त सांडले, तर क्लोरीन अजूनही उपयोगाचे आहेच.

आता वेळेचा हिशेब. दिनांक 8 नोव्हेंबर 2014 रोजी छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ सकरी येथे भरलेल्या शिबिरात एका शल्यचिकित्सकाने काही तासांत 83 स्त्रियांवर कुटुंबनियोजनाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली. त्या आठवड्यात बिलासपूर जिल्ह्यात झालेल्या शिबिरांतील 13 स्त्रिया मृत्यू पावल्या. कारणांबाबत पुढे पुष्कळ वाद झाला. दूषित औषधांकडेही बोट दाखविले गेले. तो वाद बाजूला ठेवून केवळ उपकरणाचा विचार करू. पोटात जाणारी दुर्बीण खरे म्हणजे निर्जंतुकच हवी, आणि ग्लुटाराल्डिहाइडच्या 2 टक्के द्रावणात त्यासाठी आठ ते दहा तास लागतात. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये ते अशक्य म्हणून किमान 20 मिनिटांचे उच्च दर्जाचे जंतुनाशन मान्य करण्यात आले. धुणे, कोरडे करणे आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने खळबळणे धरून एका फेरीस निदान अर्धा तास लागतो. एकच दुर्बीण असेल, तर 83 शस्त्रक्रियांना 40 तासांहून अधिक वेळ हवा. तीन दुर्बिणी असत्या, तरी 13-14 तास. एका शल्यचिकित्सकाने दिवसाला 30 हून अधिक शस्त्रक्रिया करू नयेत, हा शासकीय निकष त्यापूर्वीच अस्तित्वात होता. म्हणजे 83 हा आकडा ज्या यादीत लिहिला गेला, त्या यादीतच धोका लिहिला गेला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याच्या दिशेने निर्देश दिले.

हेच गणित लहान प्रमाणावर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला लागू पडते. प्रसूतीचा संच धुऊन, वाळवून, गुंडाळून, यंत्र तापवून, अर्धा तास वाफ देऊन आणि पुन्हा कोरडा करून हाती यावयास दोन तास तरी जातात. केंद्रात दोनच संच असतील आणि रात्री तीन प्रसूती लागोपाठ आल्या, तर तिसऱ्या मातेच्या वेळी परिचारिकेपुढे कोणता पर्याय उरतो? तिच्या नावे निष्काळजीपणाचा शेरा मारणे सोपे आहे. संच किती असावेत, हे मात्र तिने ठरविलेले नसते. इंजेक्शनच्या बाबतीत हा पेच वेगळ्या मार्गाने सुटला : काचेच्या पिचकाऱ्या उकळण्याचे दिवस गेले, आणि लसीकरणात 2005 पासून एकदा वापरताच निकामी होणाऱ्या पिचकाऱ्या आल्या. कात्री, चिमटे आणि दुर्बीण यांना तो मार्ग सर्वत्र परवडणारा नाही.

रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांनी केंद्राला भेट द्यावी ती धुण्याच्या जागेपासून. तेथे वाहते पाणी आहे काय, अस्वच्छ साधने एका बाजूने येऊन स्वच्छ साधने दुसऱ्या बाजूने जातात काय, की दोन्ही एकाच ओट्यावर ठेवली जातात, हे डोळ्यांनी दिसते. त्याला वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. प्रत्येक वेळचा दाब, तपमान, वेळ व सही असलेली नोंदवही पाहावी. भारनियमनाच्या काळात यंत्र कशावर चालते, ते विचारावे. गॅसवर चालणारे उभे ऑटोक्लेव्ह अशा वेळी कामास येते. ग्लुटाराल्डिहाइडच्या भांड्यावर द्रावण केल्याची तारीख आहे का, व ते भांडे झाकलेले आणि हवेशीर जागी आहे का, हेही पाहावे. त्याच्या वाफांनी डोळे व श्वासनलिकेला त्रास होतो.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी बाब. ऑटोक्लेव्हच्या झाकणाची रबरी गॅस्केट झिजते, वाफ गळू लागते, दाब चढत नाही. नवी गॅस्केट मागवून येईपर्यंत यंत्र कोपऱ्यात पडून राहते आणि त्या काळात साधने उकळूनच वापरली जातात. एक जास्तीची गॅस्केट नेहमी कपाटात असावी, असा ठराव समितीने येत्या बैठकीतच करून ठेवावा.