वजन उतरविणारी इंजेक्शने आणि आपले उपवास

सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यावयाची औषधे वजनासाठी म्हणून २०२५ साली भारतात आली आणि आम्हा इंदूरकर डॉक्टरांकडे त्यांची विचारणा वाढली. जेवणानंतर आतड्यातून पाझरणाऱ्या संप्रेरकांची ही नक्कल होय. तीमुळे भूक मंदावते, जठर सावकाश रिकामे होते. मळमळ, उलट्या व बद्धकोष्ठ ही याच गुणाची दुसरी बाजू. म्हणूनच मात्रा पायरीपायरीने चढवावी लागते. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून, तिर्झेपटाइड २.५ मिलिग्रॅमपासून, आणि प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे मुक्काम. पहिली पायरी वजन उतरविण्यासाठी नसतेच. ती शरीराला सवय लावण्यासाठी असते. ‘काटा हलत नाही, पुढची मात्रा द्या’ हा आग्रह मी मानीत नाही.

मला अधिक चिंता वाटते ती मधुमेही रुग्णांची. एकट्या या इंजेक्शनाने रक्तशर्करा सहसा धोक्याइतकी उतरत नाही. परंतु जोडीला ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर उतरू शकते. त्यात एकादशी आली, की भूक नसल्याने साबुदाण्याची खिचडीही नकोशी होते, गोळी मात्र नेमाने पोटात जाते. (सराफ्याच्या या गावात भूक न लागण्याची तक्रार ऐकावी लागेल, असे कधी वाटले नव्हते!) घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आणि साखर ७० च्या खाली, हा त्याचा परिणाम. इंजेक्शन सुरू करतानाच या जोडऔषधांची मात्रा कमी करण्याचा विचार व्हावा, आणि रुग्णाला त्याचे उपवास विचारून घ्यावेत, असे मी व्यवसायबंधूंना सुचवीन. निर्जळी उपवास तर या काळात टाळावाच; उलट्यांच्या जोडीला पाणी तुटले की मूत्रपिंडांवर ताण येतो.

स्वतःला वा जवळच्या नातलगाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झालेला असल्यास हे औषध घेऊ नये. गर्भधारणेचा विचार असल्यास सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे. पोटाच्या वरच्या भागात, पाठीकडे जाणारी, न थांबणारी कळ आली तर ते स्वादुपिंडाच्या दाहाचे लक्षण असू शकते. पुढचे इंजेक्शन न घेता तडक रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना हे औषध चालू असल्याचे आधीच सांगावे, कारण रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकते.