समुद्र स्वतःचा, गिऱ्हाईक परके

31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटनने युरोपीय संघ सोडला. आता आपल्या समुद्रावर आपलाच हक्क, अशी तिथल्या मच्छीमारांची उमेद होती. प्रत्यक्षात युरोपच्या बोटी ब्रिटिश पाण्यात जी मासळी धरत, तिच्या किमतीचा चौथा हिस्साच परत मिळायचा ठरला, तोही साडेपाच वर्षांत. 30 जून 2026 ला ही मुदत संपून सौदा नव्याने व्हायचा होता. मे 2025 मध्ये ब्रिटनने युरोपच्या बोटींना 2038 पर्यंत मुभा दिली.

कारण साधे. धरलेली मासळी बरीचशी युरोपलाच विकावी लागते. जानेवारी 2021 मध्ये आरोग्य दाखला आणि कस्टमचे कागद मागे लागले, तेव्हा खेकडे-कोळंबीचा माल वाटेतच रखडला. नाशवंत मालाला उशीर म्हणजे नुकसानच!

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्या बंधूंनी हे वाचावे, कारण संघ सोडल्यामुळेच ब्रिटनला जकातीचे स्वतंत्र करार करता आले. भारताशी 24 जुलै 2025 रोजी असा करार झाला. त्यात कापडाची जकात शून्यावर येते, पण माल कराराच्या नियमांप्रमाणे भारतीय मूळचा असेल तरच. सूत, रंगाई, विणाई यांची बिले आतापासूनच एका फायलीत लावून ठेवावीत, असे आम्हांला वाटते.