व्हिएतनामच्या प्रवासात आहाराचे पथ्य : काही उपयुक्त वाक्ये

अकोटसारख्या तालुक्याच्या गावातून परदेशी पर्यटनास जाणे ही एके काळी नवलाची गोष्ट होती. आता अकोल्यास येऊन मुंबई गाठली की, तेथून हनोई आणि हो चि मिन्ह सिटी या व्हिएतनामच्या दोन प्रमुख शहरांना थेट विमाने मिळतात. मी सन येथील प्राचीन चाम शिवमंदिरे, ज्यांच्या जतनकार्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचाही वाटा आहे, आणि तेथील बौद्ध विहार यांची ओढ वऱ्हाडातील अनेकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु माळकरी, जैन वा अन्य शाकाहारी प्रवाशापुढे, तसेच ज्यास एखाद्या पदार्थाचे वावडे, म्हणजे ॲलर्जी आहे अशा प्रवाशापुढे, जेवणाचा प्रश्न उभा राहतो. तो सोडविण्यास थोडी भाषा आणि थोडी पूर्वतयारी पुरेशी असते.

अडचण कोठे आहे?

व्हिएतनाममध्ये भाज्यांना तोटा नाही. अडचण भाजीत नसून ती शिजविण्याच्या रीतीत आहे. तेथे 'नुअक माम' नावाचा एक पातळ द्रव जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात असतो. लहान मासळी मिठात घालून सुमारे वर्षभर मुरवितात आणि तिचा जो अर्क निघतो, तो नुअक माम. फू क्वोक बेट आणि फान थिएत ही त्याची प्रसिद्ध केंद्रे होत. आपल्याकडे मीठ जितक्या सहजतेने पडते, तितक्याच सहजतेने तो तेथे पडतो. लसूण घालून परतलेली 'रौ मुओंग', म्हणजे आपली नाळीची भाजी, ताटात हिरवीगार दिसते; पण तीत नुअक माम किंवा कालवांपासून केलेला 'हाउ' रस असू शकतो. म्हणून 'मांस नको' एवढेच सांगितल्याने काम भागत नाही. सांगणाऱ्याच्या मनातील मांसात मासळी येते. ऐकणाऱ्याच्या मनातील मांसात ती येईलच असे नाही.

'चाय' हा शब्द

या अडचणीवर त्याच समाजाने काढलेला तोडगा म्हणजे 'चाय' हा शब्द. त्याचा चहाशी काही संबंध नाही. बौद्ध परंपरेतील मांस-मासळीविरहित आहारास 'चाय' म्हणतात. आपल्याकडे एकादशी पाळतात, तसे तेथील अनेक कुटुंबांत चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी चाय आहार घेतात. काटेकोर चाय आहारात कांदा, लसूण यांसारख्या उग्र वनस्पतीही वर्ज्य असतात. ही गोष्ट जैन प्रवाशांना सोयीची आहे. ह्वे ही जुनी राजधानी अशा पाककलेसाठी विशेष नावाजलेली आहे.

व्हिएतनामी भाषा रोमन लिपीवर आधारलेल्या लिपीत लिहितात. खाणावळीच्या पाटीवर सी, एच, ए, वाय ही चार अक्षरे, त्यांच्या वर किंवा खाली कोणतीही खूण नसताना दिसली की, तेथे चाय जेवण मिळते असे समजावे. 'खूण नसताना' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ही भाषा सुरांची आहे; हनोईच्या बोलीत सहा सूर आहेत. एका पट्टीत सरळ उच्चारलेला 'चाय' म्हणजे शाकाहार. तोच शब्द सूर चढवून म्हटला तर 'जळणे', खाली दाबून म्हटला तर 'धावणे', आणि सूर खाली नेऊन वळविला तर 'वाहणे'. देवनागरीत हे सूर दाखविता येत नाहीत. त्यामुळे पुढील उच्चार जवळपासचे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

पाठ करावयाची वाक्ये

'च' हा 'चार'मधील उच्चारावा, 'चूल'मधील नव्हे. 'ञ' चा उच्चार 'पंच'मधील अनुस्वारासारखा करावा.

तोय अन चाय – मी शाकाहारी जेवतो (किंवा जेवते).
खोंग थित, खोंग का, खोंग तोम – मांस नको, मासा नको, कोळंबी नको.
खोंग चॉ नुअक माम – नुअक माम घालू नका.
खोंग हाञ, खोंग तॉय – कांदा नको, लसूण नको.
को त्रुंग खोंग? – यात अंडे आहे का?
काम अन – आभारी आहे.

पहिले वाक्य मराठी माणसास सहज लक्षात राहील. 'तोय' म्हणजे मी, 'अन' म्हणजे खाणे. संस्कृतातील तोय व अन्न यांच्याशी त्यांचे साम्य केवळ योगायोगाचे आहे. पण पाठांतरास ते उपयोगी पडते. 'का' हा मासा आपण 'का?' असे विचारतो तशाच चढत्या सुरात म्हणावयाचा.

'को … खोंग?' हा प्रश्नाचा साचा आहे. मध्ये पदार्थाचे नाव घातले की प्रश्न तयार होतो. उत्तर 'को' आले तर आहे, 'खोंग' आले तर नाही. नुसत्या हसण्यास किंवा मान डोलावण्यास उत्तर समजू नये. हाक मारताना आपण जसे भाऊ, ताई म्हणतो, तशीच तेथेही नात्याची संबोधने चालतात : मोठ्या वयाच्या पुरुषास 'आञ अय', स्त्रीस 'ची अय' आणि धाकट्यास 'एम अय'.

वावडे असणाऱ्यांसाठी

शाकाहार आणि वावडे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यास लागू पडत नाही. शेंगदाण्याचे वावडे असलेला वऱ्हाडी माणूस घरी साबुदाण्याची उसळ टाळतो, कारण तीत कूट असतो हे त्यास ठाऊक असते. व्हिएतनाममध्ये शेंगदाण्याची भरड अनेक पदार्थांवर शेवटी भुरभुरतात, आणि चाय खाणावळीतही तिचा वापर भरपूर होतो. शाकाहारी पाटी पाहून निर्धास्त होणे म्हणूनच धोक्याचे आहे. चाय पदार्थांत नुअक मामऐवजी सोयाबीनचा रस वापरतात, व त्यात बहुधा गहूही असतो. मांसासारखे दिसणारे चाय पदार्थ सोयाबीन किंवा गव्हाच्या सत्त्वापासून करतात. ज्यांना ही धान्ये सोसत नाहीत, त्यांनी सावध राहावे.

शेंगदाण्यास दक्षिणेत 'दौ फोंग' तर उत्तरेत 'लाक' म्हणतात. 'मला शेंगदाण्याचे वावडे आहे' हे वाक्य दक्षिणेत 'तोय बी यी उंग दौ फोंग' आणि उत्तरेत 'तोय बी झी उंग लाक' असे होईल. यातील झ 'माझा'मधील आहे.

मात्र जेथे जिवाचा प्रश्न आहे, तेथे उच्चारावर विसंबू नये. निघण्यापूर्वी जाणकाराकडून व्हिएतनामी लिपीत एक चिठ्ठी लिहून घ्यावी. तीत पदार्थाची दोन्ही नावे असावीत. त्याचे तेल, कूट व चटणीही चालत नाही, त्याच कढईत किंवा पळीने केलेले अन्नही चालत नाही आणि ते खाल्ल्यास जीव धोक्यात येतो, हेही तीत स्पष्ट लिहावे. चिठ्ठी वाढणाऱ्यास नव्हे, तर स्वयंपाक करणाऱ्यास दाखविण्याची विनंती करावी. समाधान न झाल्यास ते अन्न घेऊ नये. ज्यांना डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जवळ बाळगण्यास सांगितले आहे, त्यांनी ते डॉक्टरांच्या पत्रासह हातातील पिशवीत ठेवावे. तेथे रुग्णवाहिकेसाठी 115 हा क्रमांक आहे.

आपल्याकडील वेष्टनांवरील हिरव्या ठिपक्याची सवय प्रवासात बाजूला ठेवावी लागते. तेथे आपले पथ्य आपणच शब्दांत सांगावयाचे असते. नम्रपणे व नेमके सांगितले, तर तेथील गृहिणी व खाणावळवाले ते जाणून घेतात. कारण पथ्य पाळणे त्यांनाही अपरिचित नाही. वरील सहा वाक्ये पाठ करावीत, चिठ्ठीच्या दोन प्रती जवळ ठेवाव्यात आणि मगच प्रवासास निघावे.