पात लसणाची की लिलीची?

गेल्या दिवाळीच्या आधी एका रविवारी सकाळी आमच्या आळीतल्या एक आजी दोन नातवंडांना घेऊन दवाखान्यात आल्या. दोघांनाही उलट्या सुरू होत्या. बाहेरचे काही खाल्ले का, शिळे काही खाल्ले का, असे नेहमीचे प्रश्न मी विचारले. आजी म्हणाल्या, "नाही हो डॉक्टरसाहेब, घरचीच भाकरी आणि कुंडीतल्या लसणाच्या पातीची चटणी."

कुंडीचे नाव निघताच उलगडा झाला. लसणाच्या शेजारीच सुनेने हौसेने रेन लिली लावलेली होती. पाऊस पडला की गुलाबी फुले येतात ती. फुले नसली की नुसती हिरवी, चपटी, अरुंद पाने उरतात. आजींना दिसते कमी. दोन्ही पाने एकाच मुठीत कापली गेली आणि खऱ्या लसणाच्या वासात लिली खपून गेली.

रेन लिली, स्पायडर लिली, नागदवणा ही सारी मंडळी कांदा-लसणाच्याच कुळातली. जमिनीखाली त्यांनाही कांदाच असतो. पण त्यात लायकोरीन नावाचे द्रव्य असते. ते पोटात गेले की मळमळ, लाळ सुटणे, उलट्या, जुलाब सुरू होतात. 2009 साली इंग्लंडमध्ये सफक परगण्यातल्या एका शाळेत मुलांनी बागेतला कांदा समजून डॅफोडिलचा कांदा सूपमध्ये घातला आणि डझनभर मुले आजारी पडली. तेव्हा चूक आजींचीच होते असे नाही.

ओळखायचे कसे? पान चुरगळून वास घ्या. कांदा-लसणाचा वास आला नाही, तर ते खायचे नाही. मात्र एकदा लसूण चोळलेल्या बोटांना पुढच्या प्रत्येक पानाचा वास लसणासारखाच येतो. म्हणून मधे हात धुवा. त्याहून बरे म्हणजे खाण्याच्या आणि शोभेच्या कुंड्या लांब ठेवा.

असा प्रकार झालाच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. लहान मुलांना त्याने जिवावर बेतू शकते. पान किंवा कांदा पिशवीत घालून सोबत आणा, म्हणजे आमचा तर्क करण्याचा वेळ वाचतो. बहुतेक रुग्ण दिवसभरात बरे होतात. जपायचे असते ते शरीरातले पाणी कमी होण्याला. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट द्यावे. ही दोन्ही नातवंडे संध्याकाळी खेळत होती.

कळलावीची गोष्ट मात्र वेगळी. लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांची ही वेल सुंदर खरी, पण तिच्या कंदात कोल्चिसीन असते. सुरुवातीला नुसते जुलाब-उलट्या होतात, रुग्णाला जरा बरे वाटते आणि एक-दोन दिवसांनी मूत्रपिंड, रक्त, हृदय कोसळू लागते. तिथे घरी थांबायचे नाही, थेट मोठे रुग्णालय गाठायचे.

शोभेसाठी कांद्याच्या जातीचेच फूल हवे, असे एका वाचकाने विचारले आहे. परदेशी जांभळ्या गोंड्यांचे कांदे मीही एकदा लावले होते. त्यांना फुलायला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी लागते. आपल्याकडे नुसती पाने आली, तीही वाळली. त्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरातला मोड आलेला कांदा कुंडीत लावा. जानेवारी-फेब्रुवारीत डेंगळ्यावर पांढरा गोंडा येतो आणि मधमाश्या हटत नाहीत. घरी कुत्रे किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. कांद्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.