पन्नास माणसांचं धरणं: खर्च किती, आणि कशावर?

समलिंगी जोडप्यांना कायदेशीर विवाह करता यावा, या मागणीसाठी आपल्या शहरात काहीतरी करावं असं वाटणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा पैशांचा असतो. मुंबईतल्या प्राइड मोर्चाचे फोटो पाहिलेले असतात, ट्रक, ढोल, लांबच लांब सप्तरंगी कापड. मग आपल्याला हे कुठलं परवडणार, असं म्हणून विषय मिटतो. तसा मोर्चा काढायचा तर ट्रक, जनरेटर, साऊंड, ढोल-ताशा आणि मार्गावरचे स्वयंसेवक धरून हिशेब लाखाच्या घरात जातो, हे खरं आहे. पण पहिल्याच वेळी मोर्चा कशाला? पन्नास माणसांचं, तीन तासांचं, एका जागी बसून केलेलं धरणं बारा हजारांत होतं. रस्ता अडत नाही, वाहतूक शाखेचा प्रश्न जवळपास संपतो, परवानगी मिळण्याची शक्यता वाढते. वाचलेले पैसे कशावर खर्च करायचे ते पुढे सांगतो. माझ्या मते तो भाग साऊंड आणि झेंड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे.

खाली दिलेले दर मध्यम शहरातले, ढोबळ आहेत. घासाघीस करणाऱ्यानुसार आणि महिन्यानुसार ते बदलतात.

महिन्याचं आधी बघू. 6 सप्टेंबर ही तारीख सगळ्यांना सुचते, कारण 2018 साली त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 खालून समलिंगी संबंध वगळले. पण ती तारीख अनेकदा गणपतीच्या धामधुमीत येते. पोलीस बंदोबस्तात अडकलेले, साऊंडवाले मंडळांकडे बुक, दर दीडपट. 17 ऑक्टोबरचंही तसंच. 2023 मध्ये त्या दिवशी पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने विवाहाच्या हक्काची मागणी नाकारली. ती तारीख नवरात्र-दिवाळीच्या मध्ये सापडते. त्यानंतर लग्नसराई सुरू होते आणि डेकोरेटरकडे सतरंजीही शिल्लक राहत नाही. लग्नाच्या हक्कासाठी बसायचं आणि इतरांच्या लग्नांमुळे खुर्च्या मिळायच्या नाहीत! जानेवारीचा शेवट किंवा जुलै हे सोयीचे महिने. जुलैत छत्र्या आपापल्या आणाव्यात. नागपूरकरांना मात्र डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन सोडून चालणार नाही, गर्दी असली तरी ऐकणारे त्याच आठवड्यांत गावात असतात.

वार निवडतानाही पेच आहे. शनिवार-रविवारी जिल्हाधिकारी कार्यालय बंद, म्हणजे निवेदन घ्यायला कोणी नाही. सोमवारी बसलात तर नोकरी करणारे येत नाहीत. यावर सोपा तोडगा म्हणजे शनिवारी संध्याकाळी 4 ते 7 धरणं आणि सोमवारी सकाळी तिघांनी जाऊन निवेदन देणं.

जागा शक्यतो अशी घ्या जिथे आंदोलनं नेहमी होतात. मुंबईत आझाद मैदानाचा राखीव भाग, नागपुरात संविधान चौक, कोल्हापुरात बिंदू चौक किंवा दसरा चौक, पुण्यात जिल्हाधिकारी कार्यालय किंवा गुडलक चौकातला कलाकार कट्टा. अशा ठिकाणी पोलिसांना सवय असते आणि बघ्यांनाही. 2020 मध्ये शाहीन बाग आंदोलनावरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आंदोलनं ठरवून दिलेल्या जागीच व्हावीत असं म्हटलं. तेव्हापासून नव्या चौकाचा हट्ट धरणं महागात पडतं.

परवानगीचा अर्ज त्या हद्दीच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना, निदान दहा दिवस आधी. त्यात तारीख, वेळ, जागा, अंदाजे संख्या, मागणी, स्पीकर वापरणार की नाही आणि आयोजकांची नावं, फोन, आधारची प्रत. टायपिंग, झेरॉक्स, एका प्रतीवर पोच घेणं, सगळं मिळून दोन-तीनशे रुपये. खरा खर्च फेऱ्यांचा: ठाणे अंमलदार गोपनीय शाखेकडे पाठवतो, तिथून फोन येतो, 'नक्की कशासाठी आहे हे?' असं विचारलं जातं. त्यांना एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'विशेष विवाह कायदा, 1954 समलिंगी जोडप्यांनाही लागू करावा, ही आमची संसदेकडे मागणी आहे.' बस. यात कोणाच्या धर्माचा, कोणाच्या सणाचा प्रश्न येत नाही.

संसद का, हेही माहीत असू द्या. 2023 च्या निकालात विवाहाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. नागरी जोडीदारीला मान्यता द्यावी की नाही, यावर मात्र 3 विरुद्ध 2 अशी फूट पडली आणि तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड अल्पमतात गेले. कायदा करायचा तर तो कायदेमंडळांनी करावा, असं न्यायालय म्हणालं. फेरविचार याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. तेव्हा निवेदन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत केंद्राला आणि एक प्रत आपल्या खासदारांना. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2022 मध्ये या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, म्हणजे हा विषय महाराष्ट्राच्या खासदारांना अगदीच परका नाही. विवाह हा समवर्ती सूचीतला विषय असल्याने राज्यातल्या आमदारांनाही एक प्रत द्यायला हरकत नाही.

अर्जावर सही कोणाची? जो स्वतः घरी सांगू शकलेला नाही त्याची नको, कारण अर्ज दिला की नाव पोलीस ठाण्यात, तिथून कधीकधी गल्लीत. आई-वडिलांपैकी कोणी सही करायला तयार असेल तर फार बरं. 'स्वीकार, द रेनबो पेरेंट्स' या पालकांच्या गटाने 2023 मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांच्या विवाहाला मान्यता मागितली होती. साठीतली एखादी मावशी चष्मा पुसत ठाण्यात बसली की बोलण्याचा सूरच बदलतो.

शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू आहे का, हे विचारून घ्या. बऱ्याच जिल्ह्यांत तो पंधरा-पंधरा दिवसांनी पुन्हा निघत असतो. त्यात काठ्या बाळगायला बंदी असते, म्हणून फलकाला बांबू लावू नका. पुठ्ठा हातात धरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली, म्हणजे जुन्या 144 खाली, आदेश असेल तर तारीख बदला. तत्त्वासाठी अटक करून घ्यायची असेल तर तो वेगळा कार्यक्रम. त्याला पन्नास माणसांची आधी संमती लागते.

आता खरेदी. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण मला तो नको वाटतो: लावायला पालिकेची परवानगी, नाहीतर विद्रूपीकरणाच्या कायद्याखाली कारवाई, आणि शेवटी तो कचरा. पाच-सहा मीटर मांजरपाट, दोन डबे रंग, ब्रश, यांत हजार-बाराशेत मोठा फलक होतो आणि तो पुढच्या वेळीही चालतो. तीस कार्डशीट आणि मार्कर सहाशे. सॅटिनच्या सहा रंगांच्या पट्ट्या शिवून घेतल्या तर झेंडे हजार ते दीड हजारात. शिवणारा 'कुठल्या पक्षाचा?' असं हमखास विचारतो.

आवाजासाठी हातात धरायचा भोंगा भाड्याने दिवसाला दोन-चारशे. बॅटरीवरचा बॉक्स स्पीकर माइकसकट दीड-दोन हजार. पन्नास माणसांना भोंगा पुरतो. स्पीकर लावायचा तर वेगळी परवानगी लागते आणि एक गोष्ट लोक विसरतात: रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र मानलं जातं. अनेक शहरांत जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय शेजारी-शेजारी आहेत. तिथे दोन हजारांचा स्पीकर आणून बंद ठेवण्यापेक्षा आधी पावलं मोजून या.

सतरंज्या, वयस्कांसाठी दहा खुर्च्या पाचशे. छोटा टेम्पो ये-जा हजार-दीड हजार. पाण्याचे पाच जार तीनशे, पेले स्टीलचे. चहा दोनदा आणि एकेक वडापाव धरला तर दोन हजार. प्रथमोपचाराची पेटी पाचशे. रुग्णवाहिकेसाठी 108 मोफत आहे.

पत्रकं हजार छापली तर एका रंगात हजार ते दीड हजार. इथे मात्र कंजुषी नको, डोक्याचीही नको. बहुतेक पत्रकांत समता, प्रतिष्ठा, सन्मान असे शब्द ओळीने उभे असतात आणि वाचणारा पुढच्या खांबापाशी ते टाकून देतो. त्याऐवजी लग्न नसल्याने काय पडतं त्याचा हिशेब छापा. नवऱ्याने बायकोला पाच लाख दिले तर तिला त्यावर भेट म्हणून प्राप्तिकर नाही. वीस वर्षं एकत्र राहिलेल्या दोन पुरुषांपैकी एकाने दुसऱ्याला दिले, तर वर्षाला 50,000 रुपयांच्या पुढची भेट सगळीच करपात्र. याच तरतुदीला एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने त्यावर ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. मृत्युपत्र केलं नसेल तर वारसाहक्क शून्य. साताऱ्याचा पुतण्या येऊन फ्लॅटचा ताबा मागू शकतो. जे मिळालं तेही लिहा: संयुक्त बँक खात्याला आणि एकाला दुसऱ्याचं नामनिर्देशन करायला अडचण नाही, असा खुलासा केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये केला, आणि शिधापत्रिकेसाठी एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना एकच कुटुंब धरावं असंही राज्यांना कळवलं. बँकेच्या खिडकीवर हे ठाऊक असेलच असं नाही, म्हणून पत्रक तिथेही उपयोगी पडतं. पारलिंगी व्यक्ती विषमलिंगी नात्यात असेल तर तिला आजच्या कायद्यानेही लग्न करता येतं, हे 2023 च्याच निकालात आहे. ही ओळ जरूर टाका, कारण तृतीयपंथी मैत्रिणी धरण्याला येतात आणि हे त्यांच्या कामाचं आहे.

इथपर्यंत फार तर बारा हजार. आता मोर्चा न काढल्याने वाचलेल्या पैशांतले दहा हजार, जे पहिल्या यादीत कोणीच धरत नाही.

आपल्याकडे या विषयात सर्वांत महाग पडतं ते दिसणं. कोल्हापूरचा मुलगा कोल्हापुरात बसणार नाही, तो पुण्यात येऊन बसेल. पुण्याचा मुंबईला जाईल. साध्या एसटीने कोल्हापूर-पुण्याचे जाऊन-येऊन सात-आठशे होतात (बायकांना अर्धं तिकीट). चार-पाच जणांचा प्रवास आणि एका रात्रीची सोय निधीतून करा, पण पैसे देताना पावतीवर नाव मागू नका. फोटोचं बघा: ज्यांना चेहरा दाखवायचा नाही त्यांना मनगटावर लाल रिबीन, आणि त्यांची बसण्याची जागा मागे, रस्त्याकडे पाठ करून. रिबीन पन्नास रुपयांची, पण ती पाळली जाते का हे बघायला दोन स्वयंसेवक लागतात. कागदी मुखवटे जुना, चांगला उपाय आहे; भारतातल्या सुरुवातीच्या प्राइडमध्ये कित्येकजण मुखवटे घालूनच चालले. बूम घेऊन येणाऱ्या स्थानिक चॅनेलवाल्यांना आल्याआल्या ठरलेल्या दोन वक्त्यांकडे न्या. सार्वजनिक जागेत त्यांना चित्रण करण्यापासून रोखता येत नाही, विनंती करता येते, आणि चहा पाजून केलेली विनंती बहुधा मानली जाते.

एखाद्याच्या घरी कळलंच, तर त्या रात्री तो कुठे जाणार? हा प्रश्न धरण्याआधी सोडवलेला असावा. दोन घरं ठरवून ठेवा, चार-पाच हजार बाजूला ठेवा. लागले नाहीत तर पुढच्या वेळी उपयोगी पडतील.

वकील एक तरी जागेवर हवा. ओळखीचा असेल तर फी घेत नाही. नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. घोषणांची यादी लिहून वाटा आणि बाहेरच्या घोषणा थांबवायची जबाबदारी एकावर सोपवा. फेब्रुवारी 2020 मध्ये मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघणाऱ्या प्राइड मोर्चाला पोलिसांनी परवानगी नाकारली, आझाद मैदानात नुसतं जमायला दिलं. तिथे वेगळ्याच विषयावर घोषणा झाल्या आणि राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. त्या घोषणांशी सहमत असा की नसा, तुमच्या धरण्याला आलेल्या कॉलेजच्या मुलीने या जोखमीला होकार दिलेला नाही.

विरोधक आले तर दहा माणसांमागे एक स्वयंसेवक, तोंड आपल्या लोकांकडे, पाठ त्यांच्याकडे. बोलायचं पोलिसांनी.

वर्गणी आपसांत गोळा करा, वही ठेवा. न्यू जर्सीतला मामेभाऊ शंभर डॉलर पाठवतो म्हणाला तर त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले असतील तर ते परकीय योगदान ठरत नाही. नागरिकत्व अमेरिकेचं असेल तर ओसीआय कार्ड असूनही ठरतं, आणि मग ते न घेतलेलेच बरे.

सोमवारी निवेदन देताना आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. महिन्याभराने माहिती अधिकारात विचारा: अमुक क्रमांकाच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली, ते केंद्राकडे कोणत्या तारखेला पाठवलं? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. उत्तराची मुदत 30 दिवस. नाही आलं तर पहिलं अपील, त्याचे वीस रुपये.