नाण्यावर चालणाऱ्या जुन्या खेळयंत्राचा जीर्णोद्धार

देवळाचा किंवा जुन्या वाड्याचा जीर्णोद्धार करतात हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सुमारे साडेचार दशकांपूर्वी कारखान्यात हजारोंच्या संख्येने तयार झालेले एखादे खेळयंत्रही तितक्याच काळजीने जपावे लागते, ही गोष्ट पुष्कळांना नवी वाटेल. असे यंत्र पुन्हा चालू करणे म्हणजे केवळ हौस नव्हे. बंद पडलेल्या यंत्राचा दोष क्रमाने, पुराव्याच्या आधारे कसा शोधावा, याचा तो एक उत्तम पाठ आहे. येथे 'ॲस्टरॉइड्स' या प्रसिद्ध यंत्राचे उदाहरण घेऊन तो पाठ पाहू.

यंत्राची ओळख

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील अटारी कंपनीने १९७९ साली हे यंत्र बाजारात आणले. त्याची मूळ कल्पना लायल रेन्स यांची, आणि खेळाची आज्ञावली एड लॉग यांनी लिहिली. माणसाच्या उंचीची पेटी, तीत १९ इंची पडदा, त्याखाली पाच बटणे आणि खाली नाणे टाकण्याचे दार, असे त्याचे रूप होते. पडद्यावरील लहानशा यानाने भोवती फिरणारे अशनी फोडावयाचे. मोठ्या अशनीस २०, मध्यमास ५० व लहानास १०० गुण मिळत. अशी सत्तर हजारांच्या आसपास यंत्रे विकली गेली. खेळाच्या या यंत्रांनी भरलेल्या गृहांना तेथे 'आर्केड' म्हणत.

१९८३ च्या सुमारास या धंद्यास उतरती कळा लागली. अनेक आर्केड बंद झाले आणि यंत्रे गोदामांत, तळघरांत व गाड्यांच्या छपऱ्यांत जाऊन पडली. त्यांतील कित्येक शेवटी कचऱ्यात गेली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१३ साली याच खेळाचा आपल्या संग्रहात समावेश केला, तेव्हा टाकाऊ समजल्या गेलेल्या या वस्तूची योग्यता सर्वांच्या नजरेस आली.

मूळ यंत्रच कशासाठी?

१९९७ साली 'मेम' नावाची आज्ञावली प्रसिद्ध झाली. तिच्या साहाय्याने जुने खेळ आजच्या कोणत्याही संगणकावर खेळता येतात. मग मोडके यंत्र दुरुस्त करण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

याचे उत्तर पडद्यात आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या नळीत इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्यावर एकाखाली एक आडव्या ओळी काढीत जाते, आणि त्या ओळींतील कमीअधिक उजेडाने चित्र बनते. ॲस्टरॉइड्सची रीत निराळी आहे. येथे शलाका थेट एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेली जाते. जणू प्रकाशाच्या लेखणीने रेघ ओढावी. त्यामुळे तिरपी रेघही करवतीसारखी दातेरी न दिसता सरळ व रेखीव दिसते. यानातून सुटलेली गोळी हा केवळ एक ठिपका असतो. शलाकेचा सर्व जोर त्या एका जागी पडल्यामुळे तो अतिशय तेजस्वी दिसतो. आजच्या पडद्यावर खेळाचे नियम जसेच्या तसे उतरतात, पण हे तेज उतरत नाही. अशा काचेच्या नळ्यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन आता थांबले आहे. म्हणून पेटी पुन्हा सुताराकडून करवून घेता येते, पण जळालेली नळी भरून निघणे कठीण. जीर्णोद्धाराचा सारा क्रम या एका गोष्टीवरून ठरतो.

पहिला नियम : वीज देऊ नये

यंत्र घरी आणताच ते 'चालते का पाहू' म्हणून वीज जोडण्याचा मोह होतो. हाच मोह सर्वांत घातक ठरतो. दोन-तीन दशके ओलीत पडून असलेल्या यंत्रात उंदरांनी तारा कुरतडलेल्या असतात, जोडण्यांवर गंज चढलेला असतो, आणि वितळतारेच्या जागी कोणी जाड तार बसवून ठेवलेली असते. अशा स्थितीत वीज दिल्यास एका भागातील दोष दहा भागांत पसरतो.

म्हणून प्रथम यंत्राची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक तार कोठून कोठे जाते याची नोंद करावी. नंतर मऊ कुंचल्याने धूळ काढून प्रत्येक वितळतार तिच्यावर छापलेल्या मूल्यासह तपासावी.

येथे एक धोक्याची सूचना अवश्य दिली पाहिजे. ऋणकिरण नलिकेस हजारो व्होल्टांचा विद्युत्दाब लागतो. नळीच्या काचेला आतून व बाहेरून विद्युत्वाहक लेप असतो आणि मध्ये काच असते. म्हणजेच ती नळी स्वतःच एक धारित्र बनते. त्यामुळे वीज तोडल्यावरही तिच्यात भार टिकून राहू शकतो. जाणते कारागीर तो भार, यंत्राच्या धातूच्या चौकटीस तारेने जोडलेल्या आणि मूठ विद्युत्रोधक असलेल्या हत्याराने, आधी काढून टाकतात. विद्यार्थ्यांनी हे काम जाणकाराच्या देखरेखीवाचून कदापि करू नये.

वीजपुरवठा

यानंतर वीजपुरवठ्याचा भाग इतर भागांपासून तोडून एकटा तपासतात. रोहित्र भिंतीतील विजेचा दाब कमी करते, एकदिशकारक तिला एकाच दिशेने वाहावयास लावतो, आणि एक मोठे निळ्या रंगाचे धारित्र तिच्यातील चढउतार सपाट करते. अमेरिकेत वीज सेकंदास ६० आवर्तने करीत असल्यामुळे असे १२० चढउतार दर सेकंदास भरून काढावे लागतात.

या धारित्रात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये विद्युत्विच्छेद्य द्रवाने भिजविलेला कागद असतो. वर्षानुवर्षांनी तो द्रव सुकतो आणि धारित्राची शक्ती घटते. मग दाब स्थिर न राहता हेलकावे खाऊ लागतो. खेळाच्या चिपांना ५ व्होल्ट हवे असतात, आणि ४.७५ ते ५.२५ व्होल्टांच्या बाहेर त्यांच्या वर्तनाची खात्री देता येत नाही. त्यामुळे पुष्कळदा चिप बिघडली असे वाटते, पण खरा दोष सुकलेल्या धारित्रात असतो.

दुसरा दोष जोडणीच्या पट्ट्यांत सापडतो. समजा, एखाद्या काळवंडलेल्या जोडणीचा रोध केवळ ०.१ ओहम आहे आणि तिच्यातून ४ ॲम्पिअर प्रवाह जात आहे. ओहमच्या नियमाप्रमाणे तेथे ०.४ व्होल्ट खर्ची पडतात, आणि १.६ वॉट उष्णता त्या एका लहानशा जागी निर्माण होते. नियामकाने दाबाची तूट भरून काढली, तरी उष्णता तशीच राहते आणि जोडणी हळूहळू करपत जाते. अशा वेळी नुसते घासून भागत नाही. जोडणी बदलावी लागते.

गणनाची मंडलपट्टी

पुरवठा स्थिर झाल्याची खात्री पटल्यावर, पडदा अजूनही तोडलेलाच ठेवून, खेळाच्या मंडलपट्टीस वीज देतात. तिच्यावरील ६५०२ नावाची मुख्य चिप सेकंदास पंधरा लक्ष ठोक्यांच्या तालावर चालते. प्रथम हा ताल मिळत आहे की नाही हे दोलनदर्शकावर पाहतात. पट्टीवर एक पहारेकरी मंडलही असते. आज्ञावली भरकटली, तर ते मुख्य चिपेस पुन्हा आरंभापासून सुरुवात करावयास लावते. हा पुनरारंभाचा संकेत वारंवार येत असेल, तर चिप चालू आहे पण तिला आज्ञा नीट वाचता येत नाहीत, असे अनुमान निघते.

या खेळाच्या सर्व आज्ञा अवघ्या ६ किलोबाइटांत, आणि आकृत्यांची माहिती २ किलोबाइटांत साठविलेली आहे. स्मृतीच्या चिपांतील मजकूर वाचून तो खात्रीच्या प्रतीशी ताडून पाहता येतो. येथे 'मेम'सारख्या प्रयत्नांचा मोठा उपयोग होतो. कारण त्या निमित्ताने जुन्या यंत्रांतील मजकूर काळजीपूर्वक उतरवून ठेवला गेला. यंत्राच्या दारामागे स्वतःची चाचणी घेण्याचे एक बटणही आहे. ते दाबल्यावर निघणाऱ्या ध्वनींवरून स्मृतीची कोणती चिप निकामी आहे, हे पडदा नसतानाही कळते.

एका वेळी एकच बदल करावा, आणि त्याचा परिणाम लिहून मगच पुढे जावे, हा येथील मुख्य दंडक आहे. दहा चिपा एकदम बदलल्यास यंत्र चालूही होईल; पण दोष कोणता होता हे कधीच समजणार नाही.

शेवटी पडदा

सर्वांत नाजूक भागाची पाळी सर्वांत शेवटी येते. मंडलपट्टी अंकांचे विद्युत्दाबात रूपांतर करते आणि पडद्याच्या आडव्या व उभ्या दिशांसाठी दोन संकेत पाठविते. ते वाढवून नळीच्या मानेवरील वेटोळ्यांना दिले की शलाका हवी तिकडे वळते. हे काम करणारे ट्रान्झिस्टर तापून निकामी होतात. मग शलाका वळण्याऐवजी एकाच जागी खिळून राहते, आणि तेथील चमकणारा लेप कायमचा जळतो. तसे होऊ नये म्हणून या पडद्यात शलाका बंद करणारे एक संरक्षक मंडल योजलेले आहे. पडदा काळा राहिला म्हणून ते मंडल काढून टाकणे म्हणजे नळी स्वहस्ते जाळणे होय. काळा पडदा हा पुष्कळदा दोष नसून दोषाची सूचना असते.

पेटी आणि तिच्या खुणा

लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या ओलीने फुगतात. तळाचा कुजलेला भाग कापून नवा तुकडा जोडता येतो. परंतु रंग व चित्रे सरसकट नवी करावीत काय, याविषयी विचार करावा लागतो. ॲस्टरॉइड्समध्ये उत्तम खेळाडूंची तीन आद्याक्षरे पडद्यावर येत. पण ती तात्पुरत्या स्मृतीत असल्यामुळे वीज जाताच पुसली जात. ज्यांनी हे यंत्र खेळून झिजविले, त्यांची खूण आता केवळ बटणांभोवतीच्या गुळगुळीत झालेल्या पत्र्यावर उरली आहे. म्हणून जेथे काम अडत नाही तेथे जुने ते ठेवावे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीतच ठेवावा आणि दुरुस्तीची नोंदवहीही सोबत ठेवावी, म्हणजे पुढील कारागिरास मूळ काय व नवे काय हे कळेल.

अशा रीतीने पुरवठा, ताल, स्मृति आणि मग पडदा या क्रमाने गेल्यास, काळ्या काचेवर एके दिवशी अशनींच्या बारीक, तेजस्वी रेघा उमटतात. त्या उमटेपर्यंत पडदा तोडून ठेवण्याचा जो धीर धरला गेला, त्यामुळेच ती नळी शाबूत राहिलेली असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वीज तोडल्यावरही ऋणकिरण नलिकेत भार का टिकू शकतो?
२. जोडणीचा रोध ०.०५ ओहम व प्रवाह ४ ॲम्पिअर असल्यास तेथे किती उष्णता निर्माण होईल?
३. पडदा सर्वांत शेवटी जोडण्याचे कारण सांगा.